रक्त काढणारी

पहाटे पावणेपाचला मी वॉर्डात शिरते
तेव्हा बारा नंबरचे मिस्टर फुर्टाडो
रोज तोच विनोद करतात:
"आली बघा, उजाडायच्या आत आली."
मी हसते. शीर शोधते. त्यांची शीर पळपुटी,
बोटाखालून सटकते.
तीन नळ्या. जांभळं झाकण, निळं, पिवळं.
पोट भरलं, म्हणते मी,
आणि कापूस दाबून धरायला सांगते.

त्या कबरस्तानाबद्दल त्यांनीच सांगितलं.
प्रॉव्हिडन्सपासून चाळीस मिनिटं, पेट्रोल पंपाच्या मागे,
रचीव दगडांचं कुंपण, ओकची झाडं,
आणि कोपऱ्यात एक पाटी, शेवाळ खरवडल्यावर वाचता येते:
फ्रीलव पेकम, जोबची लेक, वय एकोणीस.

त्या घरातली आधी आई गेली.
मग फ्रीलव. मग ओबेद खोकू लागला.
रात्री दचकून उठायचा: छातीवर बसते ती.
अंग घामाने थबथबलेलं, सकाळी उशीवर तांबडा ठिपका,
गाल लाल, ओठ लाल, बाकी सगळा कागद.
(क्षय माणसाला जाता जाता नटवतो.)
जंतू हा शब्द अजून त्या खेड्यात पोचला नव्हता.
पण कुणीतरी घोट घोट घेऊन जातंय
हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसत होतं,
आणि दिसलेल्या गोष्टीला नाव लागतं.
सगळ्यात जवळ पडलेलं नाव त्यांनी उचललं.

गोठलेली जमीन. कुदळ बापाचीच.
थंडीने पोर होती तशी जपली होती,
काळजात रक्त, ओलं.
काळीज दगडावर जाळलं, राख पाण्यात कालवली
आणि ओबेदला पाजली, चमच्याने,
तोंड वाकडं करू नको म्हणत.

म्हणजे त्या घरात रक्त प्यायलं कुणी असेल
तर भावाने. बहिणीचं. औषध म्हणून.
मे महिन्यात तोही गेला.

पुढचं मी लिफ्टमध्ये रचते, नळ्यांचा ट्रे सांभाळत.
गावचा मास्तर कुणाला तरी पत्र लिहितो,
पत्राची बातमी होते, बातमी बोटीत बसते,
समुद्रापलीकडे एक लेखणीवाला रद्दीत ती वाचतो
आणि चहा गार होऊ देतो.
त्याला खोकला नको असतो. थुंकदाणी तर नकोच.
तो किल्ला देतो, झगा देतो, सरदारकी देतो,
चुलीपाशी मोजे वाळवणाऱ्या पोरीचा
गोरा परका पुरुष करतो,
जो बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

फ्रीलवला कुठला उंबरा?
ती घरातलीच.

मिरजेला वेणूआत्याचा कप वेगळा असायचा,
कानाला लाल दोरा बांधलेला.
ती गेल्यावर तो कुणी वापरला नाही, कुणी फोडलाही नाही.
फडताळात वरच्या फळीवर बसून
तो आम्हा पोरांकडे बघायचा.
आम्ही तिच्यावर गोष्ट केली नाही.
आमच्याकडे क्षयाची गोष्ट आधीच होती, ती चंद्राची:
सासऱ्याचा शाप, पंधरा दिवस झिजायचं,
पंधरा दिवस भरून यायचं.
आत्याला नुसतेच पहिले पंधरा दिवस मिळाले.

काल मिस्टर फुर्टाडोंची शीर तिसऱ्या खेपेला सापडली.
हात निळाजांभळा झालेला, विनोद केला नाही त्यांनी.
खिडकीत उजाडत होतं, बर्फावर मळकट उजेड.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"एवढं रोज नेतेस. करतेस काय त्याचं?"

वाचायला नेते, म्हटलं.
मराठीत म्हटलं, चुकून.
त्यांनी मान हलवली, जणू कळलं,
आणि कापूस दाबून धरला.